काच पुसायला शुद्ध पाणी: वायपरने काम करणाऱ्याला फायदा किती?

काचेवरचा_थेंब, जळगाव

राम राम मंडळी.

गेली अकरा वर्षं काचा पुसायचं काम करतोय. जळगावातली दुकानं, दवाखाने, दोन शोरूम आणि अलीकडे नव्या वसाहतींतले बंगले. पद्धत जुनीच: बादली, लोकरी कव्हर चढवलेला दांडा, रबरी वायपर आणि काठ टिपायला सुती फडकं. वायपर म्हणजे फरशीचा जाडजूड नव्हे, स्टीलच्या पट्टीत पातळ धारेचं रबर बसवलेला, खास काचेचा.

अडचण पाण्याची आहे. शहरात वाघूर धरणाच्या पाण्यावर कधी अडलं नाही. हद्दीबाहेरच्या वसाहतींत मात्र सगळा कारभार बोअरवर. गेल्या आठवड्यात एका बंगल्यात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला क्षार दाखवणारा मीटर, बुडवला तर ८४० आकडा आला. त्यात मे महिना. सकाळी नऊला पूर्वेकडच्या काचेला पाणी लावलं, वायपर निम्म्यावर आला तोवर खालचा भाग वाळूनही गेला. वाळलेल्या काचेवर रबर अडखळतं, कटकट वाजतं आणि मागे पांढुरक्या रेघा सोडतं. त्या घरच्या काकू भल्या, काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाची तिरीप आली तेव्हा त्यांना काय दिसलं असेल ते मला ठाऊक आहे, आणि ते मनाला लागून राहिलं.

म्हणून महिनाभर घरच्या आरओचं पाणी दहा लिटरच्या कॅनमध्ये भरून सोबत नेलं. साबण निम्म्याहून कमी लागला. रबर सरसर उतरलं. आणि चौकटीच्या कडेला, जिथे थोडं पाणी निसटतंच, तिथे डाग कमी दिसले. पण त्याच महिन्यात मी रबरही नवं घातलं होतं. त्यामुळे गुण पाण्याचा की रबराचा, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

कुणी हे नीट करून पाहिलंय का? आणि आपल्याकडे पाण्याची जी तऱ्हा आहे ती बघता आरओचं पाणी काचेवर घालावं का, हेही सांगा.

पांझरेकाठचा, धुळे

भाऊ, तुमनं दुखनं माले समजस, पन इलाज दुसरा शे.

सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. वायपरचं काम पाणी ओढून काढणं. काचेवर पाणीच उरलं नाही तर त्यातला क्षार कुठून उरेल? ८४० चं पाणी असो की ८ चं, रबराने ते खाली आणलं आणि फडक्याने टिपलं की दोन्ही सारखेच. आजचा हलका पितळी वायपर एत्तोरे स्टेकोने नावाच्या, इटलीतून अमेरिकेत गेलेल्या काच पुसणाऱ्याने १९३६ मध्ये पेटंट केला. तेव्हा कुणाच्या बादलीत आरओचं पाणी होतं? तरी काचा लखलखीत निघतच होत्या.

माझ्या मते तुमचा गुण नव्या रबराचा आहे. रबराच्या धारेवरून नख फिरवून बघा. कुठे टोचलं, कुठे गोलसर लागलं, की ती बाजू संपली. उलटवून दुसरी धार वापरा, तीही गेली की बदला. आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डिकीत वायपर पडून राहिला तर रबर लवकर कडक होतं, म्हणून मी ते कापडात गुंडाळून सावलीत ठेवतो.

आणि हाताची सवय. वरची कड आधी फडक्याने बोटभर कोरडी करायची, म्हणजे रबराला कोरडी सुरुवात मिळते. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं. दुसरी ओढ पहिलीवर दोन बोटं चढवायची. वायपर किंचित तिरका धरायचा, म्हणजे पाणी ओल्या बाजूला पळतं. हे जमलं की पाणी कुठलंही चालतं.

काचेवरचा_थेंब

दादा, हाताबद्दल आणि रबराबद्दल सगळं मान्य. पण नऊ वाजता पाणी वाळतं त्याचं काय? रबर पोचायच्या आत वाळलेलं पाणी रबर कसं ओढणार?

पांझरेकाठचा

नऊ वाजता पूर्वेची काच घ्यायचीच नाही. सहाला पूर्व आणि दक्षिण उरकायची, ऊन चढलं की पश्चिम आणि उत्तर. सावलीच्या मागे फिरायचं. मी वीस वर्षं असंच करतोय.

अमळनेरकरीण

मी या धंद्यातली नाही, घरच्याच काचा पुसते. पण क्षाराचा त्रास तुम्हाला काचेवर दिसतो तो आम्हाला रोज कूलरमध्ये दिसतो. मार्चमध्ये नव्या ताट्या बसवल्या की मे संपेपर्यंत गवत पांढरं आणि कडक, हात लावला तर चुरा पडतो. पंपाच्या जाळीवर तर खडूसारखा थर. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो, त्यावर पुन्हा पाणी, पुन्हा क्षार. काचेच्या काठावर तेच होत असणार ना?

एक विचारायचं होतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आपण नळाचं पाणी कधी घालत नाही, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणतो. ते पाणी काचेला चालेल का?

तापीकाठ, भुसावळ

ताईंनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. बॅटरीचं पाणी उत्तम चालेल. का चालेल ते जरा सविस्तर सांगतो. माझी नोकरीची बरीच वर्षं दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या डीएम प्लांटवर गेली, म्हणजे पाण्यातला क्षार काढण्याच्या विभागात.

बॉयलरमध्ये साधं पाणी घातलं तर नळ्यांच्या आत कूलरसारखाच थर बसतो. थरामुळे उष्णता पलीकडे जात नाही, नळी तापते आणि फुटते. म्हणून नदीचं पाणी गाळून आधी एका रेझिनच्या, म्हणजे क्षार धरणाऱ्या बारीक मण्यांच्या, टाकीतून सोडतात. ते रेझिन कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धरून ठेवतं. मधल्या मनोऱ्यात विरघळलेला कर्बवायू उडवून देतात. पुढच्या टाकीतलं रेझिन क्लोराइड, सल्फेट धरतं. शेवटी दोन्ही रेझिन एकत्र असलेली टाकी, तिला मिक्स्ड बेड म्हणतात. रेझिन दमलं की पहिल्या टाकीला हायड्रोक्लोरिक अॅसिडने आणि दुसरीला कॉस्टिकने धुऊन पुन्हा कामाला लावायचं. हे आमचं रोजचं काम.

तुमचा खिशातला मीटर क्षार थेट मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि तो मायक्रोसिमेन्समधला (वीज वाहण्याच्या मापातला) आकडा साधारण निम्मा करून टीडीएस दाखवतो. अगदी शुद्ध पाण्याची वाहकता २५ अंशांना ०.०५५ मायक्रोसिमेन्स असते, त्याखाली कुणीच जाऊ शकत नाही. आम्ही ०.१ च्या आसपास राहायचो. काचेसाठी एवढं लागत नाही, पण एक ध्यानात ठेवा: सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो पदार्थ, या मीटरला जवळजवळ दिसत नाही. आम्ही ती वेगळी तपासायचो, कारण ती वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर बसायची.

आता तुमच्या पाण्याचा हिशेब. ८४० म्हणजे लिटरमागे ८४० मिलिग्रॅम. दहा लिटरच्या बादलीत ८.४ ग्रॅम, म्हणजे दीड चमचा मीठ समजा. एक थेंब ०.०५ मिली धरला तर तो वाळल्यावर ०.०४ मिलिग्रॅमच्या आसपास काहीतरी मागे ठेवतो. ऐकायला नगण्य वाटतं, पण काच पारदर्शक असते आणि उन्हात आरपार दिसते. तिथे एवढंही लपत नाही.

धुळ्याच्या दादांचं म्हणणं चुकीचं नाही. फक्त रबर गेल्यावर काचेवर जे उरतं ते कुठे उरतं, हा खरा प्रश्न आहे.

रसायनवाली, नंदुरबार

मी शाळेत विज्ञान शिकवते. दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात असं वाटतं, कारण बाजारात त्या एकमेकींत मिसळून विकल्या जातात.

पहिली गोष्ट सॉफ्टनर. बाथरूमच्या नळाला किंवा टाकीला लावतात तो सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. पाणी मऊ होतं, साबणाला फेस येतो, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ८४० चं पाणी सॉफ्टनरमधून आल्यावरही मीटर ८४० च्या आसपासच दाखवेल. फरक इतकाच की सोडियमचा डाग ओल्या फडक्याने निघतो, कॅल्शियमचा चिकटून बसतो. कुणी 'सॉफ्टनर लावा, डाग बंद' असं सांगितलं तर ते निम्मंच खरं.

दुसरी गोष्ट साबण. कपड्यांच्या वडीचा खरा साबण जड पाण्यात कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा चोथा करतो. तो पांढुरका, चिकट असतो आणि रबराखाली घासला जाऊन रेघा पाडतो. भांड्यांच्या लिक्विडमध्ये हे फार कमी होतं, पण जड पाणी त्याचाही जोर खातं, म्हणून आपण आणखी ओततो. तुम्हाला साबण निम्मा लागला तो याचमुळे. ही कमाई पाण्याचीच, रबराची नाही.

सोपा प्रयोग सुचवते. जुन्या आरशाचा तुकडा स्वच्छ धुऊन आडवा ठेवा. तुमच्याकडे असतील त्या सगळ्या पाण्यांचा एकेक थेंब ड्रॉपरने टाका, खाली कागदावर नावं लिहा आणि सावलीत वाळू द्या. मुलांना मी हाच प्रयोग करायला लावते. आरसा अशासाठी की डाग आणि त्याचं प्रतिबिंब, दोन्ही दिसतात.

काचेवरचा_थेंब

ताई, करतो. साहेब, तुमचं वाचून आधी घरच्या आरओच्या पाण्यात मीटर घातला. ११०! मी समजत होतो वीस-पंचवीस असेल.

तापीकाठ

तुमच्या मशीनला टीडीएस कंट्रोलर असेल. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून त्यातून थोडं साधं पाणी परत मिसळतात. मेंब्रेन, म्हणजे मशीनमधला क्षार अडवणारा पडदा, ठीक असेल तर साधारण नव्वद ते पंचाण्णव टक्के क्षार अडतो. मशीन बसवणाऱ्या मुलाला विचारून मेंब्रेनमधून थेट निघणारं पाणी मोजून घ्या. पिण्यासाठी मात्र सेटिंग बदलू नका.

मळेकरी, रावेर

केळीवाला माणूस, धागा वाचून थांबवेना म्हणून लिहितो.

क्षार काय करतो ते आम्ही ड्रिपमध्ये भोगतो. नळीच्या तोट्या आतून बंद होतात, झाडाला पाणी पोचत नाही आणि वरून काही कळत नाही. मग अॅसिड ट्रीटमेंट करावी लागते. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या गावात एकाने ड्रिपचं उरलेलं अॅसिड खिडकीच्या काचेवरचे डाग काढायला वापरलं. डाग गेले, पण अॅल्युमिनियमच्या चौकटीचा रंग कायमचा फिकट पडला आणि खालच्या कडप्प्यावर ओरखडल्यासारखे चट्टे आले. कडप्पा चुनखडीचाच, अॅसिड त्याला खातंच. व्हिनेगर किंवा लिंबूसत्वसुद्धा मार्बल, कडप्पा, शहाबादीवर सांडू देऊ नका.

आता माझी खरी तक्रार. एक लिटर शुद्ध पाणी काढायला घरचा आरओ दोन-तीन लिटर पाणी बाहेर फेकतो. दहा लिटर काचेसाठी म्हणजे वीस-तीस लिटर मोरीत. सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या विहिरी एके काळी हातभर दोराने भरायच्या. आता बोअर किती खोल गेले ते इथे कुणाला सांगायला नको. उन्हाळ्यात गावात टँकर यायची वाट बघणारी माणसं आहेत. काच चकचकीत दिसावी म्हणून एवढं पाणी सांडायचं, हे मला पटत नाही. राग मानू नका.

काचेवरचा_थेंब

राग कसला भाऊ, याचसाठी तर विचारलं. माझ्या घरी आरओने बाहेर फेकलेलं, रिजेक्टचं पाणी बादलीत धरतो, लादी पुसायला आणि संडासात जातं. काचेवर ते चुकूनही नको, त्यात क्षार आणखी दाट झालेला असतो. पण तुमचं म्हणणं डोक्यात राहिलं. कमीत कमी पाण्यात कसं भागेल ते बघतो.

परदेशी_खान्देशी, लेस्टर

मूळचा चोपड्याचा. इथल्या रिवाजाबद्दल लिहितो, म्हणजे 'शुद्ध पाणी' हा शब्द या धंद्यात कुठून आला ते कळेल.

इथे इंग्लंडात बहुतेक काच पुसणारे व्हॅनमध्ये टाकी घेऊन फिरतात. लांब कार्बनची काठी, टोकाला ब्रश, आत नळी. जमिनीवर उभं राहून दुसऱ्या मजल्याची काच घासतात, धुतात आणि तशीच ओली सोडून जातात. शिडीवरून पडून माणसं जायबंदी व्हायची, २००५ मध्ये उंचीवरच्या कामाचे नियम आले, त्यानंतर ही पद्धत आणखी पसरली. तिथे पाणी काचेवरच वाळतं, म्हणून ते शून्याच्या जवळ असावंच लागतं. मीटर १० च्या पुढे गेला की इथले लोक रेझिन बदलतात. लंडनच्या बाजूचं पाणी खडूच्या खडकातलं, फार जड, त्यामुळे आधी आरओ आणि मग रेझिन. ग्लासगोला लॉक कॅट्रिन तलावाचं पाणी इतकं मऊ की नुसत्या रेझिनवर काम होतं.

पण तेच लोक आतल्या बाजूला, घरात, वायपरच वापरतात. माझ्याकडे येणारे आजोबा आतून पुसताना साध्या नळाचंच पाणी घेतात. फक्त खिशात फवारा मारायची छोटी बाटली असते, व्हॅनच्या शुद्ध पाण्याने भरलेली. कोपऱ्यात डाग दिसला की एक फवारा आणि फडकं.

पांझरेकाठचा

ही बाटलीची गोष्ट पटली. काठ टिपायचं माझं फडकं दुपारपर्यंत ओलं होतं आणि त्याच क्षाराच्या पाण्याने मी काठ पुसत बसतो. हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

काचेवरचा_थेंब

मंडळी, प्रयोग केला. लांबलचक लिहितोय, वाचा.

आरशाचा तुकडा पापडाएवढा होता, त्यावर सहा थेंब टाकले. बंगल्याचं बोअर ८४०, विकतच्या जारचं पाणी, माझा आरओ ११०, बॅटरीचं पाणी २, एका ऑफिसच्या एसीच्या नळीतून धरलेलं पाणी १८ आणि सहावा थेंब बॅटरीच्याच पाण्याचा, पण त्यात भांड्यांचं लिक्विड. जार देणाऱ्याने टीडीएस ५० सांगितला होता, मीटर ३१० म्हणाला. त्याच्याशी वाद घातला नाही. यापुढे सांगितलेल्या आकड्यावर जायचं नाही, मोजून घ्यायचं, एवढं पक्कं केलं.

दोन तासांनी आरसा खिडकीशी तिरका धरला. बोअरच्या थेंबाची कड पांढरी, जाडसर, बांगडीसारखी, आत फिकट धुकं. नखाने खरवडल्यावर पूड निघाली, पण खाली करडी सावली तशीच राहिली. ती कोरड्या फडक्याने गेली नाही, लिंबूसत्वाच्या पाण्याने गेली. जारच्या थेंबाची बांगडी बारीक. आरओची फक्त एका कोनातून दिसत होती. एसीच्या पाण्याला कड नव्हती, मधोमध धुळीचा एक काळपट कण होता, म्हणजे ते पाणी गाळूनच घ्यावं लागेल. बॅटरीच्या पाण्याचा थेंब कुठे टाकला होता ते कागदावरचं नाव बघून शोधावं लागलं. साबणाच्या थेंबाची निळसर साय होती, ती मात्र हाः करून फडकं फिरवलं तशी निघून गेली.

मग साबणाबद्दल शंका आली. बॅटरीच्या दहा लिटर पाण्यात अर्धा चमचा लिक्विड टाकलं आणि मोजलं, २ चे ४४ झाले. म्हणजे विकत आणलेलं शून्य मी स्वतःच्या हाताने घालवत होतो.

शेवटी खरी काच. दुकानदार ओळखीचे, त्यांनी सहा फुटी पूर्वमुखी काच दिली. मधोमध चिकटपट्टी, डावीकडे बोअरचं पाणी, उजवीकडे बॅटरीचं, साबण दोन्हीकडे जेमतेम फेस येण्यापुरता. रबर एकच, हात एकच. सकाळी साडेसहाला सावलीत पुसली. मधल्या भागात काडीचाही फरक नाही. पांझरेकाठच्या दादांचं शंभर टक्के खरं. फरक होता तो फक्त खालच्या रबरी पट्टीशी, म्हणजे गॅस्केटशी, आणि कोपऱ्यांत. डावीकडे गॅस्केटमधून नंतर झिरपलेला ओघळ वाळून पांढरी रेघ झाली होती, उजवीकडे ओघळ होता पण रेघ नव्हती. दहा वाजता उन्हात तीच काच पुन्हा पुसली, तेव्हा डावीकडे मधल्या भागातही रेघा आल्या, उजवीकडे रबर अडखळलं पण मागे काही राहिलं नाही.

आता मी असं करतोय. घासायच्या बादलीत मिळेल ते त्यातल्या त्यात हलकं पाणी, शहरात असलो तर वाघूरचं घरून भरून नेतो. काम सहाला सुरू, सावलीच्या मागे मागे. शुद्ध पाणी फक्त एका लिटरच्या फवाऱ्याच्या बाटलीत, साबणाशिवाय. वायपर झाला की काठांवर आणि गॅस्केटवर फवारा आणि कोरडं, स्वच्छ फडकं. फडकी दहा-बारा नेतो, ओलं झालं की बाजूला. ऊन टाळताच आलं नाही तर त्या एका काचेपुरती शुद्ध पाण्याची छोटी बादली. रोज एक लिटर, फार तर दोन. मळेकरी भाऊ, एवढं चालेल ना?

मळेकरी, रावेर

एका लिटरला कोण नाही म्हणेल. आणि पाऊस आला की बॅटरीचा कॅनही नको. गच्चीचं पाणी धरा. शंभर चौरस मीटर गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर होतं. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यायचे, त्यात धूळ, पक्ष्यांची घाण, सगळं धुऊन येतं.

अमळनेरकरीण

पण पावसानेच तर काचा डागाळतात, मग ते पाणी शुद्ध कसं?

रसायनवाली

डाग काचेवर आधीच बसलेल्या धुळीचा असतो. थेंब ती भिजवतो, गोळा करतो आणि वाळताना कडेला सोडतो. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ, हिवाळ्यात जिनिंगचे तंतू, डाळ मिलचा भुसा. पाऊस फक्त ते ओघळवतो. काच पुसायच्या आधी कोरड्या मऊ ब्रशने झटकली पाहिजे ती याचसाठी, नाहीतर मातीतली कचकच रबराखाली ओरखडे पाडते.

सातपुडा_पायथा, यावल

जुने डाग असतील तर? आमच्या दवाखान्याच्या जिन्याच्या काचेवर बागेच्या स्प्रिंकलरचं पाणी सहा-सात वर्षं उडत होतं. लिंबूसत्व लावून झालं, फवारा मारून झालं. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसते, वाळली की पुन्हा ढगाळ.

काचेवरचा_थेंब

ओली असताना स्वच्छ आणि वाळल्यावर ढगाळ, हे वाईट लक्षण आहे. क्षार वरून निघाला, पण खालची काच खरबरीत झाली. पाणी त्या खड्ड्यांत भरतं म्हणून ओली असताना बरी दिसते. हे कुठल्याच पाण्याने जाणार नाही, कुणी 'शुद्ध पाणी डाग खातं' म्हणालं तरी विश्वास ठेवू नका. सिरियम ऑक्साइडची, म्हणजे काचेला पॉलिश करायची, पूड पाण्यात कालवून फेल्टच्या चकतीने घासावी लागते. वेळ फार जातो, काच तापू द्यायची नाही, आणि खोल गेलेलं असेल तर नवी काच स्वस्त पडते. आधी कोपऱ्यातला हातभर भाग करून बघा. आणि त्याच्याही आधी स्प्रिंकलरचं तोंड फिरवा.

सातपुडा_पायथा

स्प्रिंकलर आजच फिरवला.

पांझरेकाठचा

मी परवा बाटली भरली. बॅटरीचंच पाणी. नकाण्याच्या बाजूला एक शाळा आहे, तिथे खिडक्यांच्या खालच्या कडांना दरवेळी पांढरी रेघ राहायची आणि मी ती जुनी समजून सोडून द्यायचो. या वेळी कडा लिंबूसत्वाने सोडवल्या, नंतर फवारा आणि फडकं. चार दिवसांनी मुद्दाम बघायला गेलो. शिपाई विचारत होता, काचा बदलल्या का. भाऊ, पाण्याबद्दल तुमनं खरं निघनं.

काचेवरचा_थेंब

आणि रबराबद्दल तुमचं, दादा.

जूनची खबर देतो. तिसऱ्या पावसाचं पाणी गच्चीच्या पाइपला धुतलेलं सुती कापड बांधून धरलं. साठ लिटर झालं, मीटर १४. तीन कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावून जिन्याखाली अंधारात ठेवलंय, वर तारीख लिहिली आहे. रोजचं एक लिटर धरलं तर दिवाळीच्या साफसफाईच्या गर्दीआधी संपेल, म्हणून श्रावणात आणखी दोन कॅन भरून घेणार आहे. शेवाळ धरतं का, आकडा चढतो का, ते दर महिन्याला मोजून इथेच लिहीन.